पायाळूची पाठ

मी पायाळू. सगळ्यांचं डोकं आधी जगात येतं, माझे पाय आधी आले. साक्रीहून पिंपळनेरला जाताना लागणाऱ्या आमच्या गावात अशा पोरीच्या वाट्याला दोन गोष्टी यायच्या. आभाळात वीज चमकली की तिला घराबाहेर सोडायचं नाही, कारण वीज म्हणे पायाळूला शोधत येते. आणि गावात कुणाच्या कमरेत उसण भरली की तिला बोलावून न्यायचं, दुखऱ्या जागेवर तिचा पाय लावून घ्यायचा. पहिल्या गोष्टीने मी भित्री झाले, दुसरीने चिडकी. आता साठी जवळ आली तरी दोन्ही गुण शाबूत आहेत.

विजेचं तर विचारू नका. ढग गडगडला की आई मला कणगीच्या आडोशाला बसवायची, केसांतल्या पिना काढून घ्यायची आणि वर घोंगडी टाकायची. भावंडं अंगणात गारा वेचायची आणि मी घोंगडीखाली मरायची तयारी करायचे. आठवीत जाईपर्यंत शंभर वेळा तरी मेले असेन.

पाय लावण्याची रीत ठरलेली होती. ज्याला उसण भरली त्याने उंबऱ्याच्या आत पालथं पडायचं. पायाळूने उंबऱ्यावर उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही आणि डाव्या पायाने त्याच्या कमरेला तीनदा लाथ लावायची. लाथ नावाची, खरं तर टाचेने दाबल्यासारखं करायचं. मग तो उठणार, कमरेवर हात ठेवून दोन पावलं चालून बघणार आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवणार. उसण तशीही तीन-चार दिवसांत आपली आपण जाते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर सगळं श्रेय माझ्या टाचेला. लहानपणी मला त्याची ऐट होती. मोठमोठे मिशीवाले बाप्ये आपल्या पायाशी पालथे पडतात, सात वर्षांच्या पोरीला याहून जास्त काय हवं?

चौदाव्या वर्षी ऐट गेली आणि लाज आली. ऐंशी साल असेल. त्या रविवारी सकाळपासून दोघांना पाय लावून झाले होते. मी न्हाऊन, केस मोकळे सोडून भूमितीचं पुस्तक घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी चाचणी होती आणि एकही प्रमेय डोक्यात शिरत नव्हतं. तेवढ्यात शेजारची अक्का आली.

अक्काचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. नात्याने ती आमची कुणी नव्हती, पण तिच्या लेकीच्या ताटाला ताट लावून आम्ही भावंडं वाढलो. तेव्हा ती चाळिशीची असेल. उंच, ताठ बाई. डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन चालायची, तरी पाण्याचा थेंब सांडायचा नाही. खापरावरचे मांडे करण्यात आख्ख्या गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न कुणाच्याही घरचं असो, मांड्यांच्या चुलीशी अक्काच. त्या वेळी तर तिच्या स्वतःच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

ती भिंत धरून आत आली आणि म्हणाली, "पोरी, पाय लाव व. उसन भरनी शे."

मी म्हटलं, संध्याकाळी लावते. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत दम निघायचा नाही. आईने माझ्याकडे डोळे वटारले. मी पुस्तक आपटलं आणि उठले. मी काय गावाचा वरवंटा आहे का, कुणीही यावं आणि मागून न्यावं, असं पुटपुटलेसुद्धा. म्हणजे न बोलण्याचा नियम तिथेच मोडला.

अक्का पालथी पडली. पहिली लाथ नेहमीसारखी लावली. दुसरी जराशी जोरात गेली. तिसरी मी रागाने मारली, पाय मागे नेऊन, टाच रोखून.

अक्का ओरडली नाही. तिने फक्त श्वास आत ओढला, आणि तो ओढलेला श्वास कितीतरी वेळ बाहेरच आला नाही. कपाळ जमिनीला टेकवून ती तशीच पडून राहिली. आई म्हणाली, चांगला लागला पाय, आता उतरेल. उठताना अक्काने आईचा हात धरला. एवढ्यातही गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवायला ती विसरली नाही. तो मी मागच्या दाराने नेऊन उकिरड्यावर फेकला आणि तिथेच मला उलटी झाली.

आठ दिवसांनी लग्न लागलं. अक्का दिवसभर चुलीशी बसून मांडे करत होती आणि मी मांडवाच्या खांबाआडून तिची पाठ बघत होते. लेक सासरी गेली आणि त्यानंतर अक्काची पाठ वाकायला लागली. दिवाळीपर्यंत ती गुडघ्यावर हात ठेवून चालू लागली. पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिचं तोंड जमिनीकडे झालं. गाव म्हणालं, उसण मुरली. मला कुणीही बोल लावला नाही. तिसरी लाथ कशी होती ते दोघींनाच माहीत होतं, अक्काला आणि मला.

मी त्यानंतर कुणालाही पाय लावला नाही. आधी पाय मुरगळल्याचं सोंग केलं, मग अकरावीसाठी धुळ्याला वसतिगृहात गेले आणि सुटले. पुढे जळगावला शाळेत मराठी शिकवायला लागले, लग्न झालं, संसार तिथेच थाटला. माहेरी जायचंच झालं तर सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत. आखाजी तर टाळायचेच. आखाजी हा आमच्या खानदेशात लेकींचा सण, लग्न झालेली पोर त्या दिवशी माहेरी येऊन झोक्यावर बसली नाही तर आईला जेवण गोड लागत नाही. मी कधी पेपर तपासण्याचं निमित्त काढायचे, कधी उन्हाचं. आई रुसायची. पण भिंतीपलीकडून काठीचा टकटक आवाज यायचा आणि मी ताट अर्धवट टाकून उठायचे ते का, हे तिला कसं सांगणार?

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी मी जळगावच्या घरात भरलेला हंडा ओट्यावर चढवत होते. कमरेत काहीतरी तटकन झालं आणि हंड्यासकट मी खाली बसले. पाणी सगळ्या स्वयंपाकघरभर झालं. त्या पाण्यात बसून मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? दुखतंय का हे बघायच्या आधी श्वास आत ओढला, आणि तो बाहेर पडेना. हा श्वास मी ओळखला. सतरा वर्षांपूर्वी ऐकलेला होता.

डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की मणक्यातली गादी सरकली आहे. तीन आठवडे फळीवर पडून राहायचं, मग व्यायाम. व्यायामाने उतार पडला नाही तर ऑपरेशन. माझ्या डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला होता. टाचेपर्यंत मुंग्या यायच्या. डावाच पाय, आणि त्याची तीच टाच. मी शिकलेली बाई, वर्गात पोरींना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी. पण फळीवर पडल्या पडल्या मला दिवसभर एकच दिसायचं, की मी गुडघ्यावर हात ठेवून शाळेच्या व्हरांड्यातून चालले आहे आणि माझं तोंड जमिनीकडे आहे. केलेलं फेडावं लागतं, असं आमच्याकडे म्हणतात. माझी खात्री झाली की फेड सुरू झाली.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं बायको ऑपरेशनला घाबरली. त्याने चौकशी करून एक पत्ता आणला. गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत एक मुलगी मुंबईहून फिजिओथेरपी शिकून आली होती आणि वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत पेशंट बघत होती. रिक्षातून तिथे पोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेतलं. दार उघडणारीला बघून मात्र मला त्या परिस्थितीतही शरम वाटली. ही माझ्या पहिल्या दहावीच्या वर्गातली मुलगी. वाकून बसते म्हणून मी हिला तासभर भिंतीला पाठ लावून उभी केली होती.

ती म्हणाली, "या बाई. आता तुमची पाळी."

खोलीत एक सतरंजी, तिच्यावर दुपट्याएवढी गोधडी, कोपऱ्यात कूलर आणि भिंतीवर मणक्यांचं चित्र. त्या चित्राकडे मी पाठ करूनच बसले. तिने माझे कागद बारकाईने वाचले, पाय उचलून बघितले, टाचणीने अंगठा टोचला आणि मग सांगितलं की मला ती जे शिकवणार आहे त्याला पिलाटिस म्हणतात. मुंबईला तिच्या एक मॅडम परदेशातून ते शिकून आल्या होत्या. लहानपणी सतत आजारी असणाऱ्या एका जर्मन माणसाने आपलंच शरीर सावरायला ते बसवलं आणि पुढे अंथरुणाला खिळलेल्या लोकांकडूनही करून घेतलं, असं त्यांनी सांगितलं होतं. हिच्याकडे त्याची एक झेरॉक्स वही होती, काड्यांच्या माणसांच्या चित्रांची. आपण सगळं शिकलेलो नाही, जेवढं पक्कं येतं तेवढंच शिकवू, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. माझी विद्यार्थिनी, त्यामुळे मला या गोष्टीचं कौतुक वाटलं आणि भीतीही. अर्धवट वहीच्या जोरावर ही माझ्या मणक्याला हात लावणार होती.

पहिले दोन आठवडे तिने मला फक्त श्वास घ्यायला शिकवला. मी मनात म्हटलं, यासाठी रिक्षाचा खटाटोप? चार वर्षांच्या लेकराला शिकवावं तसं ती सांगायची. उताणं पडायचं, गुडघे वाकवायचे, तळवे जमिनीवर. श्वास पोटात भरायचा नाही, बरगड्यांत भरायचा, तोही मागच्या बाजूला. त्यासाठी ती मला कुशीवर वळवून पाठीवर तळवा ठेवायची आणि म्हणायची, इथे माझा हात हलवून दाखवा. हात काही हलायचा नाही. मी श्वास घ्यायच्या ऐवजी धरून ठेवायचे. बाई, श्वास रोखू नका, हे वाक्य तिने मला जितक्या वेळा ऐकवलं तितक्या वेळा मी तिला नीट बस म्हटलं नसेल.

मग श्वास सोडताना बेंबी हळूच पाठीकडे न्यायची. पोट आवळायचं नाही, नुसतं आत घ्यायचं. ती म्हणाली, आपल्याकडे शेतात काम करणाऱ्या बाया वजन उचलायच्या आधी कमरेला कापड गुंडाळून घट्ट गाठ मारतात ना, तसंच एक कापड देवाने पोटाच्या आतून गुंडाळलेलं असतं. तुमचं ढिलं पडलंय. हंडा उचलताना सगळा भार मणक्यावर आला तो त्यामुळे. आपण ते कापड पुन्हा आवळायचं. एवढं एक मला पटलं, कारण अक्का कापूस वेचायला जाताना असंच कापड बांधायची.

तिसऱ्या आठवड्यात तिने कंबर उचलायला सांगितली. तळवे जमिनीवर दाबून, श्वास सोडत, आधी माकडहाड, मग त्याच्या वरचा मणका, मग त्याच्या वरचा, असं एकेक मणका जमिनीवरून सोडवत जायचं आणि तसंच एकेक टेकवत खाली यायचं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बोटभर उचला. मी म्हटलं, मोडेल. तिने विचारलं, काय मोडेल? अंगाला दरदरून घाम फुटला. डिसेंबरात कूलर बंद असलेल्या खोलीत मी गोधडी ओली केली.

आणि तेव्हा ती गोष्ट घडली. ती माझ्या बाजूला उभी होती. वाकायचा कंटाळा म्हणा किंवा सवय म्हणा, कोणता मणका ते दाखवायला तिने पायाच्या अंगठ्याने माझ्या कमरेला हलकासा स्पर्श केला आणि म्हणाली, इथून.

मी किंचाळले. बाहेर बसलेली पेशंट बाई उठून आत बघायला आली. माझी विद्यार्थिनी पांढरीफटक पडली, पुन्हा पुन्हा माफी मागायला लागली, पाय लागला म्हणून वाकून नमस्कार करायला लागली. मी तिच्यावर चिडले, मग रडले, आणि मग पडल्या पडल्या छताकडे बघत तिला सगळं सांगून टाकलं. पायाळूपण, भूमितीचं पुस्तक, तिसरी लाथ, जमिनीकडे झालेलं तोंड. आयुष्यात पहिल्यांदाच.

मला काय ऐकायचं होतं ते उघड आहे. एका पोरीच्या अनवाणी लाथेने कुणाची पाठ मोडत नाही, एवढं एक वाक्य तिने म्हणावं, म्हणून मी सांगितलं होतं. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, सांगता येत नाही. निरोगी पाठ असेल तर लाथेने वाकणार नाही. पण पाठ आधी कशी होती ते कळल्याशिवाय काही बोलता येणार नाही. त्यांचा फोटो काढला होता का? मी म्हटलं, नाही, उसण होती ना. ती म्हणाली, "बाई, मग तुम्ही त्यांनाच का नाही विचारत?"

मी तिला म्हटलं, तू व्यायाम शिकव. आणि त्या दिवशी बोटभर कंबर उचलली. राग आला की माझी भीती जरा बाजूला सरते.

पुढचे महिने मी रोज सकाळी शाळेआधी फरशीवर गोधडी टाकून तेच ते करत राहिले. मध्ये एकदा माझा मूळ स्वभाव नडला. सहा वेळा करायला सांगितलेलं मी चाळीस वेळा केलं, कारण जास्त केलं की लवकर बरं वाटतं असा आपल्याकडचा हिशोब. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. माझ्या विद्यार्थिनीने मला त्या चुकीबद्दल असं झापलं की माझी मीच मला आठवले. ती म्हणाली, यात मोजायचं कमी आणि लक्ष द्यायचं जास्त. सहाच करा, पण सहाही वेळा तुम्ही तिथे हजर असा. दुखलं की थांबा. ओढताण म्हणजे व्यायाम नव्हे.

फायदा कधी झाला हे मला सांगता येणार नाही, कारण तो चोरपावलांनी आला. एक दिवस लक्षात आलं की आपण शिंकलो आणि भिंत धरली नाही. एक दिवस परकराची नाडी उभ्याउभ्या बांधली. मग सलग दोन तास फळ्याशी उभी राहिले. अंगठ्यातला बधिरपणा संक्रांतीनंतर ओसरत गेला. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, बाई तुम्ही उंच झालात. शिमग्याच्या सुमाराला डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं नाव आता काढायचं नाही. मी घरी येऊन आनंदाने शेवभाजी केली आणि जेवताना अचानक इतकी घाबरले की हातातला घास खाली ठेवला. माझी पाठ सरळ झाली होती. म्हणजे फेड झालीच नव्हती. ती अजून व्हायची होती, आणि कुठून येणार ते माहीत नव्हतं. विजेला भिण्यापेक्षा हे वाईट. वीज निदान आभाळात दिसते.

त्या वर्षी मी आखाजीला माहेरी गेले. नवऱ्याला आश्चर्य वाटलं, आईला तर खरंच वाटेना. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, तिथून पुढची एसटी. रस्ताभर उन्हाच्या झळा आणि पत्र्याचा खडखडाट. सीटवर बसून मी श्वास मागच्या बरगड्यांत भरत होते आणि सोडत होते. पाठीसाठी ते करायची आता गरज नव्हती. पण उतरल्यावर पाय उलटे वळू नयेत म्हणून दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर बाया-पोरी निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यांकडे गेल्या. आई त्यांच्याबरोबर गेली. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले आणि भिंतीपलीकडच्या घरात शिरले.

अक्का एका कुशीवर पडली होती. साठीची झाली होती. उताणं तिला कधीच पडता येत नव्हतं. पाठ वाकली ती तशीच गोठली होती. आवाजावरून तिने मला ओळखलं, कारण मान वर करून चेहरा बघायला तिला फार वेळ लागायचा. मला बस म्हणाली. मी बसले नाही, उंबऱ्याशीच उभी राहिले, अगदी पूर्वीसारखी. ती काय म्हणेल त्याच्या शंभर तऱ्हा माझ्या एसटीत मनातल्या मनात ऐकून झाल्या होत्या. सगळ्यांत वाईट तऱ्हा अशी होती की ती म्हणेल, माले माहीत शे, आणि पुढे काहीच बोलणार नाही.

मी म्हटलं, "अक्का, ती तिसरी लात मी रागमा मारी व्हती."

कोणती लाथ, हे तिला कळायला वेळ लागला. मला सांगावं लागलं. पोरीच्या लग्नाआधीची. उसण भरली तेव्हाची. मग अक्का हसली. दात नसलेलं, पोटातून येणारं हसू. हसताना दुखतं म्हणून कमरेवर हात दाबून हसली.

"पोरी, त्याना पहिलेच मनी पाठ गयी व्हती," ती म्हणाली. "मी धाबावरथीन पडनू व्हतू. कोनलेच सांगं नही."

मग तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. लग्नाच्या आधी ती धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, मिरच्या वाळत घालायला चढली होती. शिडी सरकली आणि ती खाली अंगणात, पाठीवर. घरात कुणी नव्हतं. लेकीची हळद तोंडावर आलेली असताना आई पडली हे बाहेर गेलं असतं तर व्याह्यांनी अपशकुन म्हणून लग्न पुढे ढकललं असतं, कदाचित मोडलंही असतं. म्हणून ती उसण म्हणाली. उसण म्हटलं की पायाळूकडे जावंच लागतं, नाहीतर लोक विचारतात. माझी लाथ तिच्या खोट्यासाठी लागत होती. ती किती जोरात बसली याकडे तिचं लक्षही नव्हतं, आधीच एवढं दुखत होतं. त्याच पाठीने ती लग्नाच्या दिवशी दिवसभर मांडे करत बसली.

मी उंबऱ्यावर बसले. मला सुटका व्हायला हवी होती. अठरा वर्षं ज्याला भीत होते ते झालंच नव्हतं. पण बसल्या जागी मला जे विचार सुचत गेले ते फार वाईट होते. एकदा, फक्त एकदा मी चौदाव्या वर्षी तिच्याजवळ जाऊन रडले असते, तर तिने मला गप्प करायला तरी हे सांगितलं असतं. मी आईला सांगितलं असतं. आईने तिला धुळ्याला नेऊन फोटो काढायला लावला असता. लग्न होऊन गेलंच होतं, लपवायचं काही राहिलं नव्हतं. पण मी खांबाआड लपले, वसतिगृहात लपले, जळगावला लपले. माझी लाथ तिला लागली नव्हती. माझी भीती मात्र तिला लागली.

मी रडायला लागले तेव्हा अक्काला ते कळेना. ती म्हणाली, "कसाले रडस? दर आखाजीले मी तुनी वाट दखस. तू येशी, पाय लावशी, मंग जरा बरं वाटी." 

म्हणजे तिला मी हवी होते. ज्या पायापासून मी तिला वाचवत होते, तो पाय तिला हवा होता.

ती पालथी पडू शकत नव्हती. कुशीवरच पडून राहिली, पाठ माझ्याकडे करून, आणि लुगड्याचा पदर बाजूला घेतला. मणके कातडीखाली एकेक मोजता येत होते. चप्पल काढून मी पाय धुतला. माझ्या विद्यार्थिनीने सांगितलं असतं तसं तिला सांगितलं, आमच्या बोलीत. श्वास पोटात घेऊ नको, मागे घे, जिथे माझा पाय लागेल तिथे घे. मग भिंतीचा आधार घेऊन डावा पाय उचलला. तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने मांडी धरली.

पहिल्यांदा नुसता तळवा टेकवला आणि काढला. तिने श्वास घेतलाच नव्हता. दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा तळव्याखाली जरासं काहीतरी वर आलं, धान्याच्या पोत्यात उंदीर हलावा एवढंच. मी तिला म्हटलं, सोड आता, हळूहळू सोड. अक्काने तोंडाने लांब श्वास सोडला.

तिसऱ्यांदा पाय ठेवताना मी डोळे मिटले. बरगड्या वर आल्या, या वेळी नीट, आणि माझा पाय त्यांच्याबरोबर वर आला. मला तो काढायची घाई नव्हती. तिचा श्वास पूर्ण बाहेर पडेपर्यंत मी तसाच ठेवला.